नव्या गादीचा पहिला नंबर

भागवत नाना नुसत्या नजरेनं माणसाचं वजन सांगत. दवाखान्याच्या दारातून कोणी कंबर धरून आत आलं, की नाना त्याला वरपासून खालपर्यंत एकदा बघत आणि म्हणत, "त्रेसष्ट." मग वजनकाट्यावर उभं केलं की त्रेसष्टच भरायचे, नाहीतर फार तर अर्धा किलो इकडे तिकडे. एकदा दाणाबाजारातले एक शेटजी आले. नाना म्हणाले, "एकोणनव्वद." शेटजींना ते आवडलं नाही. ते म्हणाले, "काहीतरीच काय, मी पंच्याहत्तरच्या वर कधी गेलो नाही." काट्यावर साडेएकोणनव्वद भरले. नाना गंभीरपणे म्हणाले, "अर्धा किलो चपलांचा असंन, शेटजी."

जळगावात हा हाडांचा दवाखाना होता. एकच डॉक्टर, बारा खाटा. माझे मालक डाळ मिलमध्ये कामाला होते आणि मी या दवाखान्यात आया म्हणून लागले. फरशी पुसणं, चादरी धुणं, बायका पेशंटना आंघोळीला नेणं ही माझी कामं. मी कोणाशी फार बोलत नसे. बोलायची वेळ आली की माझे कान गरम व्हायचे. नानांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या माहेरचं गाव विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मला सोनगीर म्हणूनच हाक मारली. "सोनगीर, तू एक्केचाळीस किलो. काही खात जा," असं त्यांनी भर वॉर्डात सांगितलं. मी बादली उचलून पळाले. मागून आवाज आला, "अन् बादली अशी उचलतात? इकडे ये!"

मग सगळ्या पेशंटांसमोर त्यांनी मला बादली उचलायला शिकवली. कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. बादली अंगाशी धरायची, लांब नाही. उठताना श्वास सोडायचा. माझ्याकडून पाच वेळा करून घेतलं. मला रडू येत होतं. पण मी त्या दवाखान्यात चौदा वर्षं पाणी वाहिलं आणि माझी कंबर एक दिवसही दुखली नाही.

नाना मूळचे सावद्याकडचे. केळीच्या मालाची भराई करणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. तेव्हा केळीचे घड रेल्वेच्या वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरून दिल्लीकडे जात. घड डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि आत रचायचा. दोन घड एकमेकांना घासले तर साल काळी पडते, म्हणून मधे केळीचा वाळला पाला घालायचा. टोळीची रीत अशी होती, की वाघिणीतला पहिला घड मुकादमानंच ठेवायचा. तो ठेवेपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही. नानांनी तीस वर्षं पहिला घड ठेवला. डोक्यावर घेतल्याबरोबर ते त्याचं वजन सांगत, तिथूनच त्यांना ती सवय लागली होती.

आणि एक दिवस पहिला घड डोक्यावर असताना नानांना शिंक आली.

ही गोष्ट ते प्रत्येक नव्या पेशंटला सांगत. "तीस वर्षांत घडानं नाही पाडलं मले. शिंकेनं पाडलं. फळीवर तसाच आडवा झालो. घड मात्र हातातून सोडला नाही." पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकली होती आणि एक्स-रेच्या फोटोत दिसलं की ती आधीच झिजून कागदासारखी झालेली होती. आमच्या डॉक्टरांनी त्यांना दीड महिना फळीवर झोपवून, कंबर ताणून राहावी म्हणून पायांना दोरीनं वजनं लावली. नाना चालू लागले, पण डॉक्टरांनी सांगितलं, की पुन्हा ओझं उचललंत तर मी जबाबदार नाही. टोळीत परत जाऊन नुसतं उभं राहायचं नानांना जमलं नाही. पहिला घड ठेवता येत नसेल तर मुकादम कसला, असं ते म्हणत. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. कोणाला किती वजन लावायचं ते डॉक्टर सांगत. पट्टे बांधणं, दोरी सोडणं, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावणं ही कामं नाना करत.

कमरेचा पट्टा ते सदऱ्याच्या वरून बांधत. आतून बांधला तर पेशंटला कसा दिसणार, असं त्यांचं म्हणणं. जमिनीवर कधी बसत नसत. डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानंच जेवत. शिंक येणार असं वाटलं की हातातलं काम टाकून दोन्ही हात भिंतीला टेकवत, गुडघे थोडे वाकवत आणि मग शिंकत. सगळ्या वॉर्डाला त्यांनी हे शिकवलं होतं. थंडीत कोणाला सर्दी झाली की एकेक पेशंट धावत भिंतीकडे जायचा. नवीन आलेले नातेवाईक हे बघून घाबरायचे.

पेशंट बहुतेक ओझेवालेच. केळीवाले, कापसाच्या गाठीवाले, एस. टी.चे ड्रायव्हर, पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बाया. डॉक्टर त्यांना फोटो दाखवून सांगत, पण ते कोणाला कळत नसे. डॉक्टर गेले की नाना पुन्हा सांगत. "दोन घडांमधी पाला घालतो का नाही आपण? तसा मणक्यामधी देवानं पाला घातला आहे. ओला असला तर दबतो आणि पुन्हा फुगतो. वाळला की चुरा. आता तुझा चुरा झाला आहे. पडून राह्य गुमान." केळीवाल्यांना लगेच कळायचं. ड्रायव्हर लोकांना ते टायरमधल्या हवेचं उदाहरण देत. बायांना काय सांगावं हे त्यांना सुचत नसे. मग ते माझ्याकडे बघत आणि मी खाली बघत असे.

नव्वदच्या पुढच्या वर्षांत आमच्याकडे केळीची एक नवीनच तऱ्हा आली. आतापर्यंत जुन्या झाडाचा कंद काढून लावायची पद्धत होती. आता म्हणे झाडाचा नखाएवढा तुकडा काढायचा, काचेच्या बाटलीत ठेवायचा आणि तिथंच त्याची शेकडो रोपं करायची. लोक आधी हसले. मग ज्यांनी लावली त्यांचे घड बघून सगळ्यांनी तीच मागायला सुरुवात केली. रोपं कमी आणि मागणारे फार, म्हणून आधी नाव नोंदवायचं, नंबर लागला की रोपं मिळायची. नानांच्या पुतण्यानं नंबर लावला होता. त्याची रोपं आली तेव्हा नाना सुट्टी घेऊन सावद्याला गेले आणि परत येताना पिशवीत फडक्यात गुंडाळून एक बाटली घेऊन आले.

बाटलीच्या तळाला खिरीसारखं काहीतरी घट्ट होतं आणि त्यात हिरवे चार कोंब. माती नाही, पाणी नाही. नानांनी ती वॉर्डाच्या खिडकीत ठेवली. सगळे पेशंट पडल्या पडल्या तिकडे बघत.

डॉक्टर सकाळी आले तेव्हा नाना त्यांची वाटच बघत होते.

"साहेब, हे नखाएवढ्या तुकड्यातून झालं."

"हो, पेशींपासून वाढवतात," डॉक्टर म्हणाले. "पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात बारीक जिवंत कण. झाडातही असतात, माणसातही असतात."

"माणसात बी असतात ना?"

"असतात."

"मग माझ्या गादीतला तुकडा काढा. बाटलीत ठेवा. वाढला की परत घाला."

आम्हाला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. त्यांना वाचायचा फार नाद होता, बाहेरदेशची मासिकं त्यांच्याकडे पोस्टानं येत. ते खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "नाना, हे तुमच्या आधी आणखी काही लोकांच्या डोक्यात आलंय. बाहेर कुठं कुठं सशांवर करून बघताहेत. पण केळीचा कोंब वाढण्यासाठीच असतो. गादीत पेशी मुळात थोड्या, आणि तिथं रक्त जात नाही. नवीन पेशी नेऊन ठेवली तरी ती तिथं खाणार काय?"

"मग तिच्या खाण्यापिण्याची सोय करा."

"तेच तर कोणाला जमलेलं नाही. माणसावर यायला पंचवीस वर्षं लागतील, तीसही लागतील. येणारच नाही असंही होईल."

डॉक्टरांनी एवढं सगळं सांगितलं. त्यातलं नानांना, आणि आम्हालाही, एकच ऐकू आलं, की हे होऊ शकतं.

त्या दुपारी ते दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडे आले. "सोनगीर, तू चौथी शिकलेली. माझं अक्षर मलेच नाही लागत. लिही." मी पुसायचं फडकं ठेवून हात धुतले. नाना खिडकीशी उभे राहून सांगू लागले आणि मी लिहू लागले. एक, भागवत, सावदा, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी. नव्या गादीसाठी त्यांनी नंबर लावला होता. रोपांना लावतात तसाच.

मला त्यात काही चूक वाटली नाही. वॉर्डात कोणालाच वाटली नाही. ज्यांनी रोपांसाठी नाव नोंदवलं होतं, त्यांनी गादीसाठीही नोंदवलं. "आपला नंबर येवो न येवो, पोराच्या कामी येईन," एक रावेरचा म्हातारा म्हणाला. एका ड्रायव्हरनं विचारलं, "नाना, वरचा नंबर मिळंल का? वशिला चालतो का?" नाना म्हणाले, "मुकादमाच्या नंतर जो आला त्याचा दुसरा. आमच्या टोळीत वशिला नव्हता, इथं बी नाही." नाव लागलं की माणूस जरा बऱ्या तोंडानं झोपायचा. औषधानं येत नाही असा चेहऱ्यावर फरक मी स्वतः पाहिला आहे. म्हणून मी आनंदानं लिहीत गेले.

खिडकीतली बाटली महिन्याभरात उन्हानं खराब झाली, कोंब काळे पडून सडले. नानांनी ती गुपचूप टाकून दिली. आम्ही कोणी त्यातून काही शिकलो नाही.

चौदावं नाव माझ्या भावाचं.

माझा थोरला भाऊ भिला सोनगीरला असतो. आमच्या घरी तांब्यापितळेच्या भांड्यांचं काम. लहानपणी मी भाता ओढायचे आणि भाऊ हंडे मठारायचा. मठारायचं म्हणजे भांड्यावर सारखे हातोडीचे ठोके घालून त्याला खवल्यासारखी नक्षी आणायची. दिवसभर पुढं वाकून बसायचं. चाळिशीतच त्याची कंबर गेली. मीच त्याला जळगावला बोलावून घेतलं. आणि त्याला भरती केल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा नानांपाशी आपणहून गेले आणि म्हणाले, "नाना, भिलाभाऊचं नाव घ्या ना." नाना म्हणाले, "लिही की तूच. वही तुझ्याजवळच आहे."

वजनं लावून त्याला बरं वाटलं, तो घरी गेला. सहा महिन्यांनी परत आला तेव्हा त्याचा डावा पाय ओढत होता. पायातली चप्पल मागं राहायची आणि त्याला ते कळायचं नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा जेमतेम हलला.

"गादीचा तुकडा बाहेर येऊन नस दाबतोय," डॉक्टर म्हणाले. "आता वजनं लावून चालायचं नाही. आठवड्याच्या आत ऑपरेशन करून तुकडा काढू, म्हणजे पाय वाचेल. उशीर केला तर पाय लुळा पडेल. आणि मध्येच लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच तासाला इथं यायचं."

भिलाभाऊ आमच्या अहिराणीत शांतपणे म्हणाला, "नही डॉक्टरसाहेब. मी थांबस. मना चौदावा नंबर शे."

"कसला नंबर?"

 नाना दोरीला वजन अडकवत होते, ते तसंच हातात राहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, कपाटातून वही काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या तेवीसच्या तेवीस नावं वाचली. अक्षर माझं होतं. मी चादरींच्या ढिगामागे उभी होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. वही परत देताना एवढंच म्हणाले, "नाना, रोपं उशिरा मिळाली तर एक हंगाम जातो. याचा पाय जाईल."

त्यांनी भिलाभाऊला पुष्कळ समजावलं. त्याला वाटलं, ऑपरेशन करायला मिळावं म्हणून डॉक्टर घाबरवताहेत. जुनी गादी कापून काढली तर नवी बसवणार कुठं, असाही त्याचा एक हिशोब होता. त्या दुपारी तो सही करून निघून गेला. नाना दाराशी होते, त्याच्या ओढणाऱ्या पायाकडे बघत.

पुढचे दोन दिवस नानांनी कोणाचं वजन सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सोनगीर, उद्या सुट्टी काढ. मले तुझ्या माहेरचा रस्ता दाखव."

जळगावहून धुळे आणि तिथून सोनगीर. रस्ता तेव्हा खड्ड्यांचा. नानांच्या कंबरेला हा प्रवास म्हणजे शिक्षाच होती. पारोळ्याच्या पुढं त्यांनी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला आणि सीटवरून अंग उचलून धरलं. चेहरा पांढरा पडला होता. मी पाणी दिलं तर म्हणाले, "मले नको. तुझा भाऊ कसा माणूस आहे? हट्टी का?" मी म्हणाले, "घरात सगळ्यांत." नाना म्हणाले, "बरं आहे. हट्टी माणूस एकदा वळला की पुन्हा नाही फिरत."

आमच्या आळीत शिरलं की चारी बाजूंनी ठोके ऐकू येतात. आमच्या घरातून मात्र आवाज नव्हता. भाऊ भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. वहिनी मला बघून डोळ्याला पदर लावून आत गेली.

"या नाना," भाऊ म्हणाला. "बसा."

नाना बसले नाहीत. दाराची चौकट धरून उभे राहिले. "पाय उचल."

"पाय शे ना जागावर. पयी नही जास." पळून जात नाही म्हणे, आणि तो हसला.

"अंगठा वर कर, भिला."

भाऊनं अंगठ्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अंगठा हलला नाही. भाऊ पुन्हा हसला, पण या वेळी हसू पुरतं आलं नाही. "थोडं थांबो नाना. मना नंबर ई जाई."

"नाही येत."

"काबर?"

"डॉक्टरनं मले सांगितलं होतं, तीस वर्षं लागतीन. मी ते कोणाले सांगितलं नाही."

भाऊ सरळ बसला. "मंग तुम्ही खोटं बोलनात?"

नानांनी चौकट दुसऱ्या हातानं धरली.  "खोटं नाही बोललो रे बापा," ते म्हणाले. "लवकर बोललो."

मग त्यांनी कोपऱ्यात पडलेल्या हंड्याकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"गळका हंडा. झाळाले येल शे." झाळायचं म्हणजे भोकावर डाग देऊन ते बुजवायचं.

"बाई घेऊन आली, तर तिले काय सांगशील? तीस वर्षं थांब, आपोआप भोक बुजणारा हंडा निघणार आहे?"

"मी काय येडा शे का? झाळ मारी देस."

"अन् तशी थांबली, तर तोपर्यंत पाणी कशात आणंन ती?"

 भाऊला त्याच्या धंद्यातलं कोणी शिकवलेलं आवडत नाही. पण तो चिडला नाही. पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहीमा पहिला नंबर कोना शे?"

"माझा."

"मंग पहिले तुमनं नाव खोडा."

नानांनी पिशवीतून वही काढली. पेन मी दिलं. वही चौकटीवर टेकवून त्यांनी पहिलं पान उघडलं. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि पुढं सरकत नव्हतं.   मग त्यांनी एक रेघ ओढली. माझ्या अक्षरातल्या त्यांच्या नावावरून ती आरपार गेली. त्याखालचं दुसरं नाव खोडलं, तिसरं खोडलं. भाऊचं नाव आलं तिथं ते थांबले नाहीत, पुढं गेले आणि तेवीस संपवूनच पेन माझ्या हातात दिलं.

भाऊ आतल्या बाजूला बघून ओरडला, "ऐकस का वं! मना कपडा भर."

आम्ही तिघं त्याच दिवशी परत निघालो. भाऊला आडवं होता यावं म्हणून नानांनी बसमधल्या लोकांना मागची लांब सीट रिकामी करायला लावली. कोणी कुरकुर केली तर त्याचं वजन सांगत आणि म्हणत, "एवढं अंग घेऊन उभं राह्यले काय होते तुम्हाले?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. नाना दाराबाहेर उभे होते, मी फरशी पुसत होते. एकच फरशी मी पुन्हा पुन्हा पुसत होते हे त्यांनी मला दोन वेळा सांगितलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "नस मोकळी झाली. आता अंगठा त्याचा त्यानं उचलायचा. किती उचलेल ते मी सांगत नाही. काही आधीच सांगायचं नाही, असं आता आपण ठरवलंय ना नाना?" नाना म्हणाले, "हो साहेब." डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहा प्यायला बरोबर नेलं.

मग रोज सकाळी नाना भाऊच्या खाटेशी यायचे. "उचल." भाऊ डोळे मिटून जोर लावायचा. घाम यायचा, अंगठा तिथंच. एकदा भाऊ वैतागून म्हणाला, "तुम्ही एक केळीना घड उचला, मंग मी अंगठा उचलस." नाना म्हणाले, "माझा घड तू, आठ दिवसांपासून उचलू राह्यलो." सगळा वॉर्ड हसला. हसता हसता समोरच्या खाटेवरचा ड्रायव्हर ओरडला, "हलला! नाना, हलला!" भाऊचं हसण्याकडे लक्ष होतं म्हणून त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं. त्यानं पुन्हा हलवून दाखवला. थोडासाच, पण वर. समोरच्या ड्रायव्हरला आनंदानं शिंक आली आणि तो भिंतीकडे धावला.

पाय पूर्ण सुधारायला वर्ष गेलं. जरासं लंगडणं राहिलं. भाऊ आता उंच पाटावर बसून काम करतो, दर तासाला उठून आळीत एक फेरी मारतो, आणि आळीतल्या पोरांना वाकून बसू देत नाही.

वहीतल्या इतर लोकांना नानांनी स्वतः जाऊन किंवा निरोप धाडून सांगितलं, की नंबर रद्द झाले, व्यायाम करा, डॉक्टर सांगतील तसं वागा. काही जण रागावले. रावेरचा म्हातारा म्हणाला, "असू द्या नाना, आमचं नाव तुमच्या वहीत होतं हेच पुष्कळ झालं."

मी एकदा विचारलं. आता मला त्यांच्याशी बोलता येत होतं. "नाना, येईल का हो कधी तशी गादी?"

ते डबा खात होते, उभ्यानंच. घास संपवून म्हणाले, "येईन. माणूस गप्प बसणारा नाही. पण पेशंटले आज काय करायचं तेच सांगायचं." आणि मग मला दटावून, "तू बी कोणाले सांगू नको." मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही. इथं लिहिते आहे, ते कोणी वाचणार नाही म्हणून.

पुढं नानांची आणखी एक गादी गेली. उभं राहणंही कठीण झालं तेव्हा मुलगा त्यांना सावद्याला न्यायला आला. डॉक्टरांनी नवीन पट्टा दिला, पेशंटांनी नारळ दिला. मी कळवलं नव्हतं, कुठून कळलं कोण जाणे, भिलाभाऊ सोनगीरहून आला होता. स्वतःच्या हातचा मठारलेला तांब्या त्यानं नानांना दिला. नानांनी हातात घेतल्याबरोबर सांगितलं, "सातशे ग्रॅम." भाऊ म्हणाला, "सातशे वीस." नाना म्हणाले, "वय झालं."

आम्ही त्यांना स्टँडवर पोचवायला निघालो. मुलानं रिक्षा आणली होती, नानांनी नको म्हटलं. ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालू लागले. भाऊ त्यांच्या मागून चालत होता. थोडं गेल्यावर नाना थांबले आणि भाऊला म्हणाले, "तू पुढं हो." भाऊ म्हणाला, "काबर? मी तुमना मांगेच बरा." नाना म्हणाले, "पुढं हो म्हनतो ना."

मग सगळ्या रस्त्याभर भाऊ पुढं आणि नाना मागं असे ते गेले. गर्दीतून, हातगाड्यांमधून, ओळखीचे लोक नमस्कार करत होते, नानांचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

गाडी लागलेली होती. मुलानं त्यांना खिडकीशी बसवलं. मी खाली उभी होते. मला काहीतरी म्हणायचं होतं, रात्रभर मनात जुळवून ठेवलेलं होतं, पण माझे कान गरम झाले आणि काही आठवलं नाही. गाडी सुरू झाली तसा भाऊ खिडकीला धरून बरोबर चालू लागला, मग गाडीनं वेग घेतला तसा आणखी भराभर, चार पावलं तर धावलासुद्धा. मी नानांकडे हात केला. त्यांनी पाहिला नाही. गज धरून ते खिडकीतून खाली बघत होते, माझ्या भावाच्या डाव्या पायाकडे, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत होते.